नदीपलीकडचा निरोप

होडीत बसायच्या आधी फामुसाबाबानं माझा संबळ माझ्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि त्याची एन्गोनी माझ्याकडे दिली. एन्गोनी म्हणजे लांबट कोरलेलं लाकूड, वर कातडं, त्यावर चार तारा. आमच्या तुणतुण्याचा थोरला भाऊच म्हणा.

"ही अदलाबदल कशाला?" मी त्याच्या भाचीला, असेतूला, विचारलं.

तिनं मामाला विचारलं. म्हातारा दात नसलेलं तोंड उघडून हसला.

"मामा म्हणतात, होडी उलटली तर माणूस आधी आपलं वाद्य वाचवतो. आता तुम्हाला त्यांचं वाचवावं लागेल. शिवाय चवळी खाणाऱ्याचा भरवसा नसतो म्हणाले."

चवळीखाऊ ही त्यांच्याकडची मायेची शिवी. ज्याच्याशी थट्टेचं नातं, त्याला चवळीखाऊ म्हणायचं. चार दिवसांत मी तिला सरावलो होतो. मी म्हटलं, "त्यांना सांगा, आमच्याकडे चवळी जावयाला वाढतात." हे खोटं होतं, पण म्हाताऱ्याला फार आवडलं. पलीकडच्या काठापर्यंत तो अधूनमधून आठवून हसत होता. होडी काठाला लागली आणि त्याचं हसू थांबलं ते थांबलंच.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली. मी अंबादास पाचंगे, गोंधळी, मंगळवेढ्याकडचा. एका संस्थेनं आमचं पथक तिकडच्या राजधानीत, बामाकोला, कार्यक्रमासाठी नेलं होतं. असेतू तिथं आमची दुभाषी होती. नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती, म्हणून मी तिला बाई म्हणायचो. तिचं इंग्रजी चांगलं, माझं बारावी नापासाचं, पण दोघांचं मिळून भागायचं. कार्यक्रम संपले, पथकातली बाकीची मंडळी बाजारात घुसली, आणि असेतू मला म्हणाली, "माझे मामा जेली आहेत. तुमचा तो दोन तोंडांचा ढोल त्यांनी बघायलाच हवा." आणि मला नदीकाठच्या त्यांच्या घरी मुक्कामाला घेऊन गेली.

जेली म्हणजे त्यांच्याकडचे गोंधळी म्हणा, भाट म्हणा. थोर घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्यांना पाठ. लग्न जुळवायचं तर जेली, भांडण मिटवायचं तर जेली. गावच्या थोरल्याला तोंडावर चार शब्द सुनावायचा हक्क फक्त त्याचा. मान मोठा, पण त्याच्या घरची मुलगी थोरांच्या घरात करत नाहीत. हे ऐकल्यावर मी म्हटलं, बाई, एवढं लांब विमानानं येऊन मी आमच्या गल्लीतच उतरलो की.

ती हसली नाही. कारण तिचं घर नेमकं त्याच गोष्टीनं मोडलेलं होतं. तिचे वडील, लान्सिने, नदीपलीकडच्या बालाकोरो गावच्या केइता घराण्यातले, म्हणजे थोरांचे. त्यांनी फामुसाबाबाच्या बहिणीशी, जेलीच्या मुलीशी लग्न केलं. त्यांचा थोरला भाऊ सोरी केइता गावचा कारभारी. त्यानं भर गावात सांगितलं की या माणसानं माझा उंबरा ओलांडायचा नाही, आणि त्याच्याबद्दल कुणा जेलीनं माझ्यासमोर तोंड उघडलं तर मी ऐकणार नाही. त्याला बावीस वर्षं झाली. लान्सिने बायकोला घेऊन नदीच्या अलीकडे, तिच्या माहेरी राहिला. समोर गाव दिसायचं. आता त्याच्या पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याचं एकच मागणं होतं: ज्या घरात जन्मलो तिथं डोळे मिटू द्या आणि आईशेजारी पुरा.

मी त्याला पाहिलं होतं. खाटेवर हाडं तेवढी उरली होती. मी संबळ वाजवला की बोटं हलवायचा. एकदा त्यानं माझी वाकडी काठी हातात घेऊन विचारलं, "ही अशी का?" मी म्हटलं, "काठी वाकडी असली तरी चालते, हात सरळ लागतो." असेतूनं सांगितल्यावर तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता.

तर त्या दुपारी आम्ही सोरी केइताकडे चाललो होतो. बेत फामुसाबाबाचा. होडीतून उतरल्यावर असेतूनं मला नीट समजावलं. "मामांना या विषयावर बोलायची बंदी आहे. म्हणून ते बोलणारच नाहीत. केइता घराण्याची चाल फक्त तारेवर वाजवतील, शब्दाशिवाय. काकांना शब्द पाठ आहेत. त्यात भावाभावांचं काय म्हटलंय तेही पाठ आहे. तुम्ही परदेशी पाहुणे, तुमच्यामुळे ते नाही म्हणणार नाहीत. पाहुण्याला कुणी दारातून हाकलत नाही."

"आणि मी काय करायचं?"

"वाजवा. जेली आहात ना तुमच्याकडचे."

सोरी केइता उंच होता, ताठ होता, आणि कमी बोलायचा. अंगणात झाडाखाली चटईवर बसला होता. गावातले आठ-दहा म्हातारे बाजूला. खांद्यावर जाड सुताची, पट्ट्यापट्ट्यांची निळी चादर. त्यानं फामुसाबाबाची विचारपूस केली, माझी केली, आमच्या घरातल्या माणसांची, गुरांची, पावसाची केली. असेतूकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्या सख्ख्या भावाची मुलगी, आणि बावीस वर्षांत हा तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. मला मनातून राग आला. असली माणसं मी आमच्याकडे खूप पाहिलीत.

फामुसाबाबानं तारा छेडल्या. पहिली काही मिनिटं मी नुसता ऐकत होतो. मग चाल हाताला सापडली. तिचं वळण वेगळं होतं, पण कुणालातरी बोलवायची चाल आहे हे कळत होतं. आम्ही गोंधळात देवीआईला बोलावतो तसंच. मी धूम अंगानं, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तोंडावर, ठेका धरला, फामुसाबाबानं मान हलवली, आणि मग आम्ही दोघं किती वेळ वाजवत होतो मला सांगता येणार नाही. आयुष्यात मी तसा पुन्हा वाजवला नाही. एका जागी म्हाताऱ्यानं चाल अर्धी सोडून दिली, तारांवर हात ठेवला. मी एकटाच ठेका सांभाळत राहिलो. समोरच्या म्हाताऱ्यांचे ओठ हलत होते. सुटलेले शब्द ते मनात भरत होते. मी सोरी केइताकडे पाहिलं. त्याचेही ओठ हलत होते.

वाजवणं थांबलं. मग तो ताठ माणूस उठला, आणि सरळ असेतूसमोर येऊन उभा राहिला. हळू आवाजात तिला काहीतरी म्हणाला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"काका विचारतात," ती मला म्हणाली, "पाहुण्याला थंडी वाजते का?"

भर दुपार होती, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "नाही बुवा."

तोवर त्यानं खांद्यावरची चादर काढली होती. घडी घालून दोन्ही हातांवर ठेवून माझ्यापुढे धरली.

आता माझं सांगतो. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांबरोबर एका यजमानाकडे गोंधळाला गेलो होतो. रात्रभर उभं राहून गायलो. सकाळी यजमानानं ओसरीवर उभं राहून अंगणात नोटा फेकल्या, आणि आम्ही त्या वेचताना पोराबाळांना दाखवून हसला. माझ्या बापानं एकेक नोट उचलून कपाळाला लावली. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे मानधन घेईन, सही करून घेईन, पण कुणा मोठ्यानं वरून दिलेलं घेणार नाही. आजतागायत शाल नाही, श्रीफळ नाही, फेटा नाही. आमच्याकडे सगळे म्हणायचे, अंब्याचा ताठा लई. असू दे म्हणायचो.

मी चादरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि हात जोडून मान हलवली. नको.

"घ्या," असेतू म्हणाली.

"मी घेत नसतो, बाई. त्यांना सांगा, ऐकून घेतलंत यातच सगळं आलं."

"अंबादास, घ्या." तिनं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं.

मला वाटलं, ही भीड घालतेय. मला भीड घातली की मी जास्तच अडतो, हा माझा जन्माचा दोष. सोरी केइता अजून हात पुढे करून उभा होता. मी त्याच्या डोळ्यांत बघून मराठीत म्हणालो, "मी भिकारी नाही."

त्याला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तो चादर धरून आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं ती परत खांद्यावर टाकली आणि घरात निघून गेला. बाजूचे म्हातारे एकेक करून उठले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. फामुसाबाबा एन्गोनी मांडीवर पालथी घालून बसला होता, आणि त्याची नजर जमिनीवर होती.

परतताना होडीत वाद्यांची अदलाबदल झाली नाही. मधल्या पाण्यात मी विचारलं, "काय झालं? त्यांनी भावाला बोलावलं की नाही?"

"बोलावलं होतं," असेतू म्हणाली.

"कधी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला अजूनही कळलेलं नाही, हे तिला खरंच वाटेना. मग एकेक शब्द सुटा करत ती बोलली. "जेली मागणं मांडतो. थोरल्यानं त्याला काही दिलं आणि जेलीनं ते घेतलं, की मागणं मान्य. दिलेला शब्द आणि दिलेली वस्तू एकच. इथल्या जेलीचं ऐकायचं नाही असं ते गावासमोर बोलून बसले होते, म्हणून त्यांनी मामांऐवजी तुमच्या हातात ठेवलं. ती चादर आमच्या आजोबांची. दोघा भावांत एकच. तुम्ही ती परत केलीत, म्हणजे आमच्या बाजूनंच शब्द परत केला."

"अहो, मग आधी सांगायचं."

"हे जेलीला सांगावं लागतं? देणं न घेणारा जेली मी जन्मात पाहिला नाही. तुम्हाला वाटलं, ते तुम्हाला देत होते."

मी म्हटलं, होडी फिरवा, आत्ता जातो, पाय धरतो. फामुसाबाबानं नुसता हात वर केला. "भर गावात परत केलेला शब्द माणूस पुन्हा देत नाही," असेतूनं सांगितलं. "आणि मामा म्हणतात, तुम्ही आता तिकडे जायचं नाही. आणखी बिघडेल." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रागावून नव्हे. वडिलांना काय सांगायचं याच विचारात ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरीही गेलो. कुणाला न सांगता. होडीवाल्याला खुणेनं सांगितलं, उतरलो, आणि सोरी केइताच्या दारात जाऊन बसलो. दोन्ही हात पुढे पसरले. सांगायला लाज वाटत नाही, तसं बसताना मला रडू आलं. जे जन्मात केलं नव्हतं ते करत होतो, आणि ते आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

तो बाहेर आला. माझ्याशेजारी जमिनीवर बसला, एवढा मोठा माणूस. माझे पसरलेले हात त्यानं आपल्या हातांनी मिटवले. आणि माझ्याकडे न बघता, अगदी सावकाश काहीतरी बोलला. थांबला. तेच शब्द पुन्हा बोलला, पहिल्याइतकेच सावकाश. माझ्या छातीवर एक बोट टेकवलं, नदीपलीकडे बोट केलं, आणि उठून आत गेला.

मी त्याचा अर्थ काय लावला? चालता हो, पुन्हा इकडे येऊ नकोस. दुसरं काय लावणार? मी काय करून ठेवलं होतं ते मला माहीत होतं.

शब्द मात्र डोक्यात बसले. आमच्या घरात यल्लम्माची कानडी पदं अर्थ न कळता पाठ करतात. दोनदा ऐकलं की बसलं. होडीत ते शब्द आपोआप तोंडात येत होते आणि मी ते दाबत होतो. घरी गेल्यावर असेतूला सांगावं असं एकदा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे मी तिकडे गेलो होतो हे सांगायचं, आणि वर तिच्या काकानं दिलेल्या शिव्या तिच्याच तोंडून ऐकायच्या. त्या दिवशी लान्सिनेला थोडं बरं वाटत होतं. तो वाटीभर पेज प्याला, उशाला टेकून बसला. ती खूश होती. मी म्हटलं, कशाला तिचा दिवस नासवायचा.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी तो गेला.

त्यांच्यात उशीर करत नाहीत. संध्याकाळच्या आत नदीकाठच्या उंचवट्यावर त्याला पुरलं. बायका घरीच राहिल्या, पुरुष गेले, मीही गेलो. माती टाकताना फामुसाबाबानं लान्सिनेच्या बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, पणजाचं घेतलं, मोठ्यानं, पाण्यापलीकडे जाईल असं. पलीकडच्या काठावर एक उंच माणूस उभा होता. त्याच्या पायाशी होडी बांधलेली होती. शेवटची माती पडेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, होडीत काही बसला नाही.

परत आल्यावर असेतू अंगणात आली. तिनं मला पाणी दिलं. तिचा तो चांगुलपणा मला सहन झाला नाही. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे अजून एक गोष्ट आहे. मी गेलो होतो तुमच्या काकांकडे. त्यांनी मला शिव्या दिल्या. त्या तुमच्या हक्काच्या आहेत, ऐकून घ्या." आणि मी ते शब्द म्हटले, जसेच्या तसे, त्याच्या थांब्यासकट.

फामुसाबाबा भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला.

"पुन्हा म्हणा," असेतू म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"परवा. सकाळी."

मग तिनं मला त्याचा अर्थ सांगितला. तिचा आवाज शाळेत धडा सांगावा तसा कोरडा होता. "‘उद्या आणि परवा पहाटे मी शेतावर जाईन. मागचं दार उघडं राहील. त्याला आणून त्याच्या जागी झोपवा. मी परत आल्यावर मला तो घरात दिसेल. म्हातारा माणूस घरात सापडलेल्या भावाला बाहेर काढत नाही.’"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसलो.

"त्यांना वाटलं, जेलीकडे शब्द दिलाय," ती म्हणाली, "म्हणजे तो पोचणार."

फामुसाबाबा उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, आतल्या खोलीकडे बघून त्यानं आवाज अगदी खाली आणला. आत त्याची बहीण बसली होती, असेतूची आई. बावीस वर्षं जिच्यापायी तो माणूस घराबाहेर राहिला ती.

"मामा म्हणतात, हे तिला कधीच कळता कामा नये," असेतू म्हणाली. "दार उघडं होतं, त्याला जाता आलं असतं, हे तिला कळलं तर ती जगणार नाही. ती आहे तोवर तुम्ही हे कुणापाशी बोलायचं नाही. तुमच्या देशातसुद्धा नाही. शब्द फिरत फिरत कुठं पोचतील सांगता येत नाही म्हणतात ते."

मी म्हाताऱ्याचे हात धरून हो म्हटलं.

तीस वर्षं मी हे बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही. फामुसाबाबा गेला तेव्हा असेतूचं पत्र आलं, सोरी केइता गेला तेव्हाही आलं. मागच्या महिन्यात आणखी एक आलं. आई झोपेतच गेली, असं तिनं लिहिलंय, पुरलं तिच्या नवऱ्याशेजारीच, नदीच्या अलीकडे. आणि खाली एक ओळ आहे, की आता तुम्ही बोललात तरी चालेल.